टीचर ओदिंगचं घर

"फरशी भरत नाहीये," ओदिंग फोनवर म्हणाली. "चारही भिंती आखल्या, पण स्क्रीनवर मधे पांढरंच दिसतंय."

"भिंती जुळल्या नसतील, टीचर," पलीकडून तिर्सो म्हणाला. "कोपऱ्यावर जा. अजून जवळ. अजून. दिसली फट?"

दिसली. स्वयंपाकघराच्या मागच्या कोपऱ्यात, केसाएवढी. तिने एका भिंतीचं टोक ओढून दुसरीला चिकटवलं आणि खोलीभर फरशी पसरली.

"आपल्या डोळ्यांना चालून जातं. या प्रोग्रामला नाही चालत," तिर्सो म्हणाला. "वारा शिरेल एवढी जागा राहिली तर तो त्याला खोलीच मानत नाही."

तिर्सो सेबू शहरातला. चाळीस वर्षं नकाशे काढून निवृत्त झालेला. घरांचे आराखडे काढणाऱ्यांच्या एका गटावर तो लोकांच्या अडचणी सोडवत बसायचा. ओदिंगने एकतीस वर्षं तिसरीच्या मुलांना शिकवलं, हे कळल्यापासून तो तिला टीचरच म्हणायचा. दोघांनी एकमेकांना पाहिलेलं नव्हतं.

लॅपटॉप तिच्या मुलाचा, रेनान्तेचा. दोन वर्षांपूर्वी त्याने दोहाहून कुणाबरोबर तरी पाठवून दिला होता. त्याने नवीन घेतला होता म्हणे. आखलेल्या घराचं फोटोसारखं चित्र करून देणारा हा प्रोग्राम त्यात आधीपासूनच होता. ओदिंगने तो या वर्षी पहिल्यांदा उघडला.

"ओसरीची लांबी साडेसहा मीटर? नक्की?"

"नक्की."

"टेप लावलात?"

"आठवतंय मला."

"आठवायचं कशाला? घर समोर आहे ना? उठा आणि मोजा की."

ओदिंगने मान वर केली. समोर शाळेच्या वर्गाचा फळा होता. फळ्याखाली तिची चटई, पलीकडे पासिंगचं कुटुंब, मधे दोरीवर टाकलेली चादर. चार महिन्यांपूर्वीच्या वादळात समुद्र आत आला आणि परतताना घर घेऊन गेला. उरल्या त्या तीन पायऱ्या. लॅपटॉप तिने तांदळाच्या पोत्यात घालून डोक्यावरून आणला होता.

रेनान्तेला तिने सांगितलं होतं, छपराचे चार पत्रे उडाले, बाकी काही नाही. मागे बाप आजारी पडला तेव्हा तो काम अर्धवट सोडून धावत आला होता. पोचला तेव्हा बाप मातीत गेलेला, आणि पुन्हा काम मिळायला दीड वर्ष लागलं. ते दीड वर्ष तो ओसरीवर पाय हलवत बसून असायचा. तिला ते पुन्हा बघायचं नव्हतं.

पण तो दर रविवारी आईला विचारायचा, "नानाय, पत्रे बसवले का? फोटो पाठव ना."

तिर्सोने पुढचे तीन आठवडे रोज दुपारी वेळ दिला. छप्पर भिंतींवर टेकेना, तेव्हा भिंतींच्या उंचीतला दोन सेंटीमीटरचा फरक त्याने शोधून काढला. पायऱ्या जमिनीत घुसल्या, त्या वर आणवल्या.

"सूर्य कुठे ठेवलाय तुम्ही?" एकदा तो म्हणाला. "दार पूर्वेला ना? मग सकाळचं ऊन ओसरीवर येऊ दे. तुमच्याकडे सूर्य उत्तरेकडून उगवतो वाटतं."

"तो जिथे होता तिथेच ठेवला मी," ती म्हणाली, आणि बऱ्याच दिवसांनी हसली.

शेवटी त्याने चित्र नीट पाहिलं. "सगळं बरोबर आहे, पण फार स्वच्छ आहे, टीचर. इथे कुणी राहत नाही असं वाटतं. खिडकीखाली पाण्याचा डाग द्या. दोरीवर कपडे टाका. चपला सरळ नको. कंत्राटदाराला दाखवायचंय का?"

"मुलाला."

"मग तर डाग हवेतच. आईचं घर त्याला डागांवरूनच ओळखू येणार."

रविवारी तिने ते चित्र फोटो म्हणून रेनान्तेला पाठवलं आणि हात मांडीत घेऊन बसली. त्याचा फोन आला.

"होतं तसंच दिसतंय गं," तो म्हणाला. "मी उगाच काळजी करत होतो."

"तुझं कसं चाललंय? जेवतोस ना नीट?"

"मजेत. तुला एक सांगायचं राहिलं. कामगारांच्या बराकीतून सुटलो मी. स्वतःची जागा घेतलीय भाड्याने. फोटो पाठवतो."

"कॅमेरा लाव ना, आत्ताच बघते."

"नको, नानाय. इथलं नेट तसलंच आहे."

तिने आग्रह केला नाही. कॅमेरा लावला असता तर तिच्यामागे फळा दिसला असता.

संध्याकाळी फोटो आला. मोठी खोली, पांढरे पडदे, निळा सोफा, काचेच्या टेबलावर फुलं. ओदिंग तो घेऊन पाण्याच्या रांगेत गेली आणि सगळ्यांना दाखवून आली.

"राजा झाला की गं तुझा पोरगा," पासिंग म्हणाली. "आता कशाला येतोय तो इथल्या चिखलात?"

ओदिंगलाही तेच वाटलं. मन भरून आलं आणि त्याच वेळी आत काहीतरी रिकामं झालं. पोराचं बस्तान बसलं होतं. आता तिला घर नसलं तरी त्याचं अडणार नव्हतं. हे कुणाशी तरी बोलावंसं वाटलं, आणि तिला तिर्सोच आठवला. तिने त्याला फोटो पाठवला. खाली 'माझ्या मुलाची जागा' असं लिहिणार, तेवढ्यात सिग्नल गेला. फोटो तेवढा पोचला.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचं उत्तर आलं.

"दुसरं घर पहिल्यापेक्षा छान काढलंत, टीचर. फक्त सोफा जमिनीला टेकलेला नाही, बोटभर वर तरंगतोय. तेवढा खाली घ्या, म्हणजे कुणालाही खरं वाटेल."