पहिली मेणबत्ती

"हरले मी, कमांडर," एउफ्रोसिना भर चौकात म्हणाली. "आता लेकाचा फोटो वेदीवर ठेवते आणि मोकळी होते."

कणसं भाजणारीचा हात निखाऱ्यांवरच थांबला. तीन वर्षं ही बाई पोलीस चौकीसमोर फोटो छातीशी धरून उभी राहिली होती. मेलेल्यांच्या सणात कुणी तिला झेंडूची जुडी देऊ केली, तर झाडू घेऊन अंगावर धावायची. हरवलेल्याचा फोटो वेदीवर ठेवणं म्हणजे तो मेला हे आपल्या तोंडाने कबूल करणं. सांता रुफिनातल्या एकाही आईने ते केलं नव्हतं, आणि अशा आया गावात कमी नव्हत्या.

राज्य पोलिसांचा कमांडर अबुंदिओ रेंतेरिया पायरीवर दात कोरत उभा होता. तिच्या लेओबार्दोने त्याला ट्रकवाल्यांकडून हप्ता घेताना फोनमध्ये टिपलं होतं. त्याच आठवड्यात पोरगा नाहीसा झाला.

"शहाणी झालीस, मावशी," कमांडर म्हणाला. "मी अजूनही सांगतो, तो उत्तरेला पळालाय, गोऱ्यांची हॉटेलं झाडतोय. पण तुझ्या जिवाला बरं वाटत असेल तर ठेव बाई फोटो."

गर्दीतून सरकारी वकील यारेली कोता पुढे घुसली. हरवलेल्यांच्या तपासासाठी राजधानीत नवं खातं निघालं होतं, तिथून ती आली होती. तिच्या आधीचे वकील यायचे, कमांडरबरोबर भाजलेलं बोकड खायचे, 'तपास चालू आहे' असं लिहून ढेकर देत परत जायचे. त्या राज्यात माणूस मारणं चुकीच्या जागी गाडी लावण्यापेक्षा स्वस्त होतं. गाडीला निदान दंड तरी व्हायचा.

"मावशी, हे काय मांडलंय?" यारेली ओरडली. "महिनाअखेर फाइल बंद करतील वरचे. आत्ता माघार घेता?"

"मग सांगा ना, कुठे खणता! खाणी आहेत, डोंगर आहेत, धरण आहे, वाळवंट आहे. न्यायाधीश म्हणतो एकच जागा सांगा, तिथलीच परवानगी देतो. आहे तुमच्याकडे जागा?"

यारेलीने हातातली फाइल मिटली.

"नाही ना? मग निघा. माझं पोर तुमच्या फायलीत कुजायला नाही जन्माला आलं."

वकीलबाईंनी गाडीचं दार असं आपटलं की चौकीवरची कबुतरं उडाली. धुरळा खाली बसेपर्यंत कमांडर हसत होता.

"विकली गेली," कणसंवाली पुटपुटली. एउफ्रोसिनाने ऐकलं आणि ऐकलं नाही असं केलं.

सण लागला. सांता रुफिनात मेलेले सगळे एकदम येत नाहीत; एका दिवशी एकाच तऱ्हेचे येतात. ज्यांचा खून झाला ते पहिले, मग बुडालेले, मग ज्यांचं कुणीच नाही ते, मग लेकरं, आणि शेवटी आपल्या मरणाने गेलेले. दिवस चुकला तर बिचारा वाट चुकतो, दारोदार भटकतो.

"तू कधी लावणार गं मेणबत्ती?" शेजारणीने कुंपणावरून विचारलं.

"मला काय माहीत कसा गेला? शेवटच्या दिवशी लावीन, सगळ्यांबरोबर. जेवायला ये."

साऱ्या गावाला तिने शेवटच्याच दिवसाचं आवतण दिलं. स्वयंपाकघरात पलीकडच्या गावची एक मजुरीण ठेवली. भुवयांपर्यंत रुमाल बांधलेली ती बाई सणाचे गोड पाव मळत बसायची. शेजारीण म्हणाली, "मुकी आहे का ही?"

"लाजते," एउफ्रोसिना म्हणाली.

वेदीवर झेंडू होता, पाण्याचा पेला होता, लेओबार्दोचा हसरा फोटो होता. मेणबत्ती नव्हती. पहिली मेणबत्ती धर्ममातेने, म्हणजे बाप्तिस्म्याला लेकरू हातात धरणाऱ्या बाईने, लावायची असते, आणि लेओबार्दोची धर्ममाता होती गुमेर्सिंदा, कमांडरची आई. दोघी एकमेकींना 'कोमाद्रे', म्हणजे एका लेकराच्या दोन आया, म्हणत, पण तीन वर्षांत त्यांनी एकमेकींच्या डोळ्यांत बघितलं नव्हतं. कमांडर दारू प्यायला की आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडतो, हे गावाला ठाऊक होतं. काय बोलतो ते मात्र फक्त तिलाच.

पहिला दिवस गेला. कुणी फिरकलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी पोलिसांची जीप दारात थांबली. म्हातारी गुमेर्सिंदा काठी टेकत उतरली. कमांडर गाडीतच बसला, गाणं लावून.

"कोमाद्रे, जेवण शेवटच्या दिवशी आहे," एउफ्रोसिना म्हणाली. "आज कशा?"

"गुडघे गं माझे. गर्दीत नाही निभत." म्हातारीने शालीआडून पांढरी मेणबत्ती काढली. काडी दोनदा विझली, तिसरी पेटली. "बाप्तिस्म्याला पाण्यावर मीच धरलं होतं त्याला. किती रडला होता."

"शेवटच्या दिवशी लावली असतीत."

"तेव्हाही लावीन. पण आजची... आजची विझू देऊ नको हं. माझी शपथ आहे. पोराची वाट चुकायला नको." आणि म्हातारीने फोटोपुढे कपाळ टेकलं.

बाहेर हॉर्न वाजला. "आई, आटप! मेलेले काय पळून जातायत?"

एउफ्रोसिनाने तिला हाताला धरून जीपपर्यंत पोचवलं. वर कमांडरला पाव बांधून दिला.

"बघ, किती सोपं असतं, मावशी," तो पाव चावत म्हणाला.

"सोपं नव्हतं," ती म्हणाली. "पण झालं."

जीप वळणाआड गेली. घरात येऊन तिने ज्योतीला दोन्ही तळव्यांचा आडोसा केला. हात भाजेपर्यंत तशीच उभी राहिली. रडली नाही.

"पाहिलंत?" तिने स्वयंपाकघराकडे हाक टाकली.

मजुरीण पिठाचे हात पुसत बाहेर आली. डोक्यावरचा रुमाल सोडून तिने खिशातून फोन काढला.

"आज बुडालेल्यांचा दिवस," एउफ्रोसिना म्हणाली. "पाणबुडे बोलवा, वकीलबाई. धरणावर."