रबराचा चटका

"लई दुखते काय हो?" अनुसयाबाईनं विचारलं.

"रबर ताणून गालावर सोडलं तं कसं लागते? तेवढंच," प्रेमदास म्हणाला. वर्ध्याच्या त्या दवाखान्यात तो नंबर लावायचा, आणि डॉक्टर आत असले की बाहेर बसलेल्यांना लेझरचं सगळं तोच समजावून सांगायचा. "मंग गाल लाल होते, थोडा सुजते. खपली धरते. ते नखानं काढाची नाई. दोन महिने उनात तोंड उघडं टाकाचं नाई. पाच-सहा वेळा यावं लागते."

"पन डाग पुरा जाते न?"

"फिका होते, काकू. पुरा जाईनच असं डॉक्टर कोनालेच नाई सांगत."

अनुसयाबाईचा जीव एवढासा झाला. नुसता फिका होऊन कसं भागणार होतं?

शेजारी तिची मयुरी ओढणीनं तोंड बांधून बसली होती. पोरीला तेविसावं सरलेलं. डाव्या गालावर तांबूस डाग. दोन वर्षांपूर्वी टिकलीएवढा होता, आता रुपयाएवढा झालेला. त्यांच्या तळेगावात सगळे त्याला वांगच म्हणत. चार स्थळं आली, पोहे खाऊन गेली, निरोप कुणाचाच आला नाही. आता हे आर्वीचं पाचवं. मुलगा शाळेत मास्तर. फोटो पसंत पडला होता, पण फोटोतला डाग स्टुडिओवाल्यानं पार पुसून टाकलेला. मंडळी तीन महिन्यांनी पाहायला येणार होती. हेही मोडलं तर पुन्हा दाराशी कोण येणार, हा घोर अनुसयाबाईला लागून राहिला होता.

तिनं काय करायचं बाकी ठेवलं होतं? हळद झाली, साय झाली, मसुराचं पीठ झालं. रोज सकाळी पोरीला समोर बसवून जायफळ उगाळायची आणि स्वतःच्या हातानं गालाला चोळायची. डाग ढिम्म हलला नाही.

पडद्यामागून कुणी तरी कळवळलं. थोड्या वेळानं एक बाई गाल धरून, डोळे पुसत बाहेर आली. मयुरीनं आईचा हात घट्ट धरला.

"भेऊ नोको," अनुसयाबाई म्हणाली. "तुले कायचं दुखते? मांगं फोडनीचं तेल गालावर उडालं, तं फोड आरशात पाह्यल्यावर समजलं तुले. माह्यावर गेली तू."

हे ती कौतुकानंच म्हणाली. तिच्या स्वयंपाकघरात सांडशी नव्हती. चुलीवरचं पातेलं ती हातानंच उतरवायची. सासू होती तोवर आल्यागेल्याला सांगायची, आमच्या सुनेचे हात लोखंडाचे आहेत. अलीकडे तेवढी उजवी करंगळी वाकून राहिली होती. वात असेल म्हणून अनुसयाबाई तेल लावायची आणि कामाला लागायची.

मयुरीचा नंबर आला.

"पह्यल्या दिवशी डॉक्टर सुन्न कराचं मलम न लावता दोन-चार ठिपके मारून पाह्यते," प्रेमदास म्हणाला. "तुमी बाहेरच बसा."

अनुसयाबाई कान देऊन बसली. मशीनची टिकटिक ऐकू आली. एकदा, दोनदा, मग आणखी दोनदा. पोरीचा हूं नाही की चूं नाही.

"पाहा," ती प्रेमदासला म्हणाली. "माही पोरगी हाये."

कित्येक दिवसांनी तिला जरा हलकं वाटलं. आर्वीच्या मंडळींपुढे पाटावर बसलेली मयुरी तिला दिसू लागली, गाल अगदी स्वच्छ. हो म्हणतील. यंदा म्हणतीलच.

आत मात्र बराच वेळ काही हालचाल नव्हती. टिकटिकही थांबली होती. तेवढ्यात प्रेमदासनं टपरीवरून चहाचे दोन स्टीलचे ग्लास रुमालात धरून आणले. एक तिच्या हातात दिला, आपला स्टुलावर ठेवला.

डॉक्टर बाहेर आले. पोरसवदाच होते. ते तिच्याशेजारी बाकावर बसले.

"काकू, मी मशीन बंद केलं."

"काऊन? दुखलं काय तिले?"

"नाही दुखलं. म्हणूनच बंद केलं. तिला डोळे मिटायला लावून मी गालाला कापसाची वात टेकवली. जिथं लागेल तिथं बोट ठेव म्हटलं. उजव्या गालावर दर वेळी ठेवलं. डाव्या गालावरच्या डागावर एकदाही नाही. हे वांग नाही, काकू. तपासणी करावी लागेल, पण मला हा कुष्ठरोग वाटतो."

"महारोग," अनुसयाबाई पुटपुटली. तिच्या लहानपणी गावाबाहेरच्या खोपटात एक बाई राहायची, तिची भाकर लोक लांबूनच टाकायचे. माझ्या लेकराचं वाटोळं झालं, एवढंच तिला कळलं.

"घाबरू नका. सरकारी दवाखान्यात गोळ्या मिळतात, वर्षभरात बरा होतो."

"आर्वीवाले वर्षभर थांबतीन काय?"

डॉक्टरांनी दुसरंच विचारलं. "या रोगात कातडी बधिर होते. चटका बसला तरी कळत नाही. पुष्कळदा घरात आधीपासून कुणाला तरी असतो आणि त्याचा त्यालाच पत्ता नसतो. तुमच्या घरात असं कुणी आहे का?"

"नाई," अनुसयाबाई ठासून म्हणाली. तिची मूठ ग्लासावर आवळली. "आमच्या घरात कोनालेच नाई. सासू-सासरे गेले तेबी धडधाकट गेले. आमच्या घराले बोल नोका लावू, डाक्टरसायेब."

डॉक्टर तिच्या तोंडाकडे पाहत नव्हते. तिच्या मुठीतल्या ग्लासातून वाफा निघत होत्या. स्टुलावरच्या ग्लासाला प्रेमदासनं अजून हात लावला नव्हता.

"काकू," डॉक्टर हळूच म्हणाले, "तो ग्लास आधी खाली ठेवा."