सिप्रियानोचं मत

सान्ता रुफिना गावात संसदेच्या निवडणुकीची झाडून सगळी मतं सत्तेवरच्या जनरलच्या माणसाला पडली. मत दिलेल्यांची यादी शाळेच्या दारावर लागली, तर तीत पेत्रोनिलाचा नवरा सिप्रियानोही होता. तीन वर्षांपूर्वी शिपायांनी त्याला मक्याच्या शेतातून उचललं होतं. छावणीवर मात्र ठरलेलं उत्तर, "आम्ही कुणाला आणलंच नाही."

पेत्रोनिला मक्याच्या पानात वाफवलेल्या गरम तमाल्यांची टोपली घेऊन छावणीच्या फाटकाशी जाऊन बसली.

"कुणासाठी गं, मावशी?" लेफ्टनंटने विचारलं.

"नवऱ्यासाठी. रविवारी मत देऊन गेला म्हणे. घरी जेवायलासुद्धा थांबला नाही, बघा!"

शिपाई फिदीफिदी हसले. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. तिसऱ्या दिवशी तिच्यामागे तिच्यासारख्याच आणखी अकरा बायका, अकरा टोपल्या. त्या वासाने म्हणे छावणीतली कुत्री मागच्या परसात गेली आणि माती उकरत रडायला लागली.

लेफ्टनंटचा तोल गेला. "मेलाय तो! ऐकलंस? मेलाय सिप्रियानो! जा आता घरी!"

पेत्रोनिला सावकाश उठली, डोक्यावरची शाल नीट केली.

"तारीख तेवढी सांगा, साहेब. दर वर्षी मेणबत्ती लावावी लागते."