दारापुरते थर

गल्लीत दर खेपेला जुन्या रस्त्यावरच नवं डांबर पडायचं, रस्ता वर यायचा आणि पावसाचं पाणी थेट दस्तगीरभाईंच्या स्वयंपाकघरात शिरायचं. यंदा त्यांनीच अख्खी गल्ली गोळा केली आणि नगरपालिकेच्या साहेबांच्या दारात घसा बसेपर्यंत ओरडले, "आधी जुना रस्ता खरवडा, मगच डांबर टाका!"

साहेब लगेच "बरं" म्हणाले. तिथंच दस्तगीरभाईंचा विश्वास उडाला.

स्वतः गवंडी माणूस. घरी आले ते थेट सिमेंट कालवायलाच बसले. आठवडाभरात अंगण मांडीएवढं उंच केलं, फाटक वर चढवलं आणि स्कूटर चौघांकडून उचलून वर घेतली.

"आवं, साहेब व्हय म्हणालेत न्हवं?" बायको रशीदा म्हणाली.

"लय बघितलं असलं साहेब! रस्ता परत वरच येणार. मग बघ, आपलं अंगण कसं बरोबर रस्त्याला लागतंय."

सोमवारी खरवडायचं मशीन खरंच आलं. संध्याकाळपर्यंत जुने सगळे थर निघाले आणि रस्ता खाली गेला. गल्ली खूश झाली. शेजारचे भाऊसो हार घेऊन आले, पण दस्तगीरभाई फाटकात इतक्या उंचावर उभे होते, की टाचा वर करूनही हार गळ्यापर्यंत पोचेना.

दुसऱ्या दिवशी डांबराची गाडी आली, तेव्हा दस्तगीरभाई खाली वाकून ड्रायव्हरला हळूच म्हणाले,



"गड्या, आमच्या दारापुरते जरा चार-पाच थर टाक की!"