विसरायला लावणारं प्रथिन

हेमांगीच्या गालावरून खरवडलेली पेशी पडद्यावर दिसत होती. बेचाळिशीत तिची बीजांडं संपली होती, म्हणून आता या पेशीचंच बीजांड होणार होतं.

“बीजांडातलं एक खास प्रथिन आत सोडलंय,” डॉक्टर सबनीस म्हणाल्या. “त्यानं डीएनएची घट्ट गुंडाळी सैल होते. बघा, आपण गालाची कातडी होतो, हे ही पेशी साफ विसरली!”

शेजारी बसलेला नवरा गहिवरला. “मुलगी झाली, तर नाव वसुमतीच ठेवू.”

वसुमती म्हणजे त्याची पहिली बायको. तिला जाऊन सात वर्षं झाली होती, तरी तिच्या हातची आमटी त्याला नेमकी हेमांगी वाढत असतानाच आठवायची.

हेमांगीच्या अंगाचा तिळपापड झाला. ती गोड हसून म्हणाली, “डॉक्टर, थोडं प्रथिन उरलं असेल, तर यांनाही टोचा ना.”