तिसरी खुर्ची

"मिसेसनी सांगितलं नाही तुम्हाला?" डॉक्टरांनी विचारलं, तेव्हा बायकोला जाऊन तासही झाला नव्हता. तिचा आजार बरा होणार नाही, हे तिला आणि लेकीला वर्षभर ठाऊक होतं. "आईनं शपथ घातली होती, बाबा." मला पावसाळ्यातली ती रात्र आठवली. दरवर्षी उल्का बघायला आम्ही दोघं गच्चीवर जायचो आणि ढग बघून यायचो. यंदा लेकही आली. बायकोनं तीन खुर्च्या वर नेल्या. "ढग बघायला एवढा प्रवास केलास?" मी लेकीला चिडवलं आणि उठलो. "मला पहाटे डेपोतून बस काढायचीय. उल्का पुढच्या वर्षी बघू." "बघू की," बायको म्हणाली. मी खाली येऊन झोपलो. दोनला आभाळ उघडलं होतं, हेही लेकीनं दवाखान्यातच सांगितलं. "आई म्हणाली, झोपू दे त्यांना." मी रिकामी ठेवलेली तिसरी खुर्ची गच्चीवर गंजतेय. किती उल्का दिसल्या, हे लेकीला विचारायचं अजून राहिलंय.