गाडीच ठरवते

जीवन मुलगी पाहायला निघाला तो जिजाजींच्या नव्या गाडीतून. करडी गावात, ऐन मुलीच्या घरासमोर, गाडी धानाच्या रोवणीसाठी चिखल केलेल्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, उतरली आणि रुतली.

"जिजाजी, चारही चाकं फिरवा ना."

"माह्या जुन्या गिअरवालीत दांडा ओढला की चारही फिरत. हे ऑटोमॅटिक आहे. आपल्या हाती काही नाही. कोणत्या चाकाले जोर द्याचा, थे गाडीच ठरवते."

"मंग ठरवून काहून नाही राहिली?"

"विचार करत असन."

गाडीचा विचार संपेना, म्हणून पोहे बांधावरच आले आणि पाहण्याचा कार्यक्रमही तिथंच उरकला. जीवनला हर्षा पाहताक्षणी आवडली होती. तिनं थेट विचारलं, "तुमचं मत काय आहे?"

जीवननं सवयीनं जिजाजींकडं पाहिलं. "घरचे ठरवतील."

हर्षानं एकदा गाडीकडं पाहिलं, एकदा त्याच्याकडं.

"बाबा, हे बी ऑटोमॅटिकच आहेत," म्हणाली आणि पोह्यांच्या बशा उचलून घरात गेली.

हा होकार की नकार, जीवनला काही कळेना. जिजाजींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"घाबरू नको. ऑटोमॅटिक महाग असते. होकारच समज."